गोधडी शिवायला निघालेला पाद्री

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी केनोशा नावाचे शहर आहे. मोटारी बनवणे हा या शहराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. १९८७ मध्ये क्रायस्लर कंपनीने इथला कारखाना विकत घेतला आणि वर्ष उलटायच्या आत, जानेवारी १९८८ मध्ये, तिथली मोटारजोडणी बंद करण्याचे जाहीर केले. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या पोटावर पाय येणार होता. ते वर्ष राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे होते. या कामगारांपुढे येऊन उभा राहिला एक उंचापुरा, कृष्णवर्णीय पाद्री. समोर बसलेले बहुसंख्य कामगार गोरे होते. एरवी त्यांनी अशा माणसाला मत देण्याचा विचारही केला नसता. पण कारखान्याला टाळे लागले की अंधारात सगळे सारखेच दिसतात, हे त्या पाद्र्याने त्यांना पटवले.

त्याचे नाव रेव्हरंड जेसी जॅक्सन. १९८४ आणि १९८८ असे दोनदा ते डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले. परंतु पाद्र्याच्या तोंडी कर, शेतीकर्ज, संरक्षणखर्च आणि आरोग्यविमा हे विषय आले म्हणजे काय होते, याचा जॅक्सन यांच्याइतका ठळक दाखला आधुनिक अमेरिकेच्या राजकारणात क्वचितच सापडेल.

अमेरिकेच्या राज्यघटनेत कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई आहे. पाद्र्याने निवडणूक लढवू नये, असेही कुठे म्हटलेले नाही. अडचण येते ती कधी धर्मसंस्थेकडून, तर कधी मतदारांकडून. रॉबर्ट ड्रायनन हे कॅथलिक धर्मगुरू मॅसॅच्युसेट्समधून काँग्रेसवर निवडून गेले होते. १९८० मध्ये पोपची आज्ञा आली, तेव्हा त्यांनी निमूटपणे पुन्हा उभे राहायचे नाही असे ठरवले. जॅक्सन बॅप्टिस्ट. त्यांच्यावर असा कोणी वरिष्ठ नव्हता. नावामागचे ‘रेव्हरंड’ त्यांनी काढले नाही आणि प्रवचनाची ढबही सोडली नाही.

जॅक्सन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९४१ चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल गावचा. आई अविवाहित, सोळा वर्षांची. वडील शेजारच्याच घरात राहणारे, पण विवाहित. पुढे आईने लग्न केले आणि सावत्र वडिलांनी मुलाला आपले नाव दिले. शाळा, वाचनालय, बसमधली जागा, सगळीकडे काळ्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. शिकागोच्या धर्मशास्त्र विद्यालयातले शिक्षण अर्धवट सोडून ते १९६६ मध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या चळवळीत पूर्ण वेळ उतरले. किंग यांनी १९५९ मध्ये भारतात येऊन गांधीजींच्या वाटा जवळून पाहिल्या होत्या. मुंबईच्या मणिभवनात ते राहिलेही होते. सत्याग्रहाचा तो वारसा शिकागोत पोचला तेव्हा त्याला बाजारहाटाचे रूप आले. ज्या दुकानात काळे लोक खरेदी करतात, तिथे त्यांना नोकऱ्याही मिळाल्या पाहिजेत. नाही तर खरेदी बंद. दूध कंपन्या आणि किराण्याच्या मोठ्या दुकानांशी अशा वाटाघाटी करायचे काम तरुण जॅक्सन यांच्याकडे होते. नैतिक मागणीच्या मागे पैशाचा हिशेब उभा करायचा असतो, हे ते तिथेच शिकले. १९६८ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि १९७१ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी ‘पुश’ ही स्वतःची संस्था काढली.

टीव्ही बंद, पुस्तक उघडा

या संस्थेचा एक उपक्रम आपल्याकडच्या आईवडिलांना लगेच ओळखीचा वाटेल. सत्तरच्या दशकात जॅक्सन शाळाशाळांतून फिरू लागले. मुलांनी रोज संध्याकाळी दोन तास टीव्ही आणि रेडिओ बंद ठेवून अभ्यास करायचा. आईवडिलांनी शाळेत जाऊन प्रगतिपुस्तक स्वतः आणायचे, शिक्षकांचा फोन नंबर घ्यायचा. तशी लेखी हमीच ते पालकांकडून घेत. मादक पदार्थांवर बोलताना ते भरल्या सभागृहात विचारत की, कोणी कोणी हे करून पाहिले आहे त्यांनी उभे राहावे. मुले उभी राहत, रडत, आणि आईबापांना पहिल्यांदाच आपल्या घरात काय चालले आहे ते कळे.

कार्टर यांच्या काळात या उपक्रमाला सरकारी मदत मिळाली. पुढे त्याच्या हिशेबांवर सरकारी तपासनिसांनी आक्षेप घेतले, आणि ते प्रकरण उमेदवारीच्या काळातही जॅक्सन यांची पाठ सोडेना. सभा जिंकणारा माणूस जमाखर्चाच्या वहीत कच्चा असतो, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप होता आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही.

तरीही जॅक्सन यांच्या धोरणांचे मूळ या शाळांतल्या सभांत आहे. मुलाने अभ्यास करावा, हे पाद्री सांगू शकतो. पण त्याची शाळाच मोडकळीला आली असेल तर? बापाने व्यसन सोडावे, पण त्याचा कारखानाच बंद पडला असेल तर? उपदेश जिथे संपतो तिथून सरकारचे काम सुरू होते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून शाळांना केंद्राकडून अधिक पैसा, स्थानिक महाविद्यालयांत मोफत शिक्षण, आणि रस्ते, पूल, घरे बांधण्याचा असा मोठा सरकारी कार्यक्रम, की ज्यातून बेकारांना काम मिळेल. तिसाव्या दशकातल्या मंदीत रूझवेल्ट यांनी केले तसे. व्यसन करणाऱ्या पोराला तुरुंगात डांबण्यापेक्षा त्या धंद्याचा काळा पैसा पांढरा करून देणाऱ्या बँकवाल्यांना पकडा, अशीही त्यांची मागणी होती.

शेतकऱ्यांच्या अंगणात

ऐंशीच्या दशकात अमेरिकन शेतकरी कर्जात बुडाला होता. जमिनीच्या किमती कोसळल्या, बँकांनी जप्त्या आणल्या. हे शेतकरी बहुतांशी गोरे, परंपराप्रिय, रविवारी नेमाने चर्चला जाणारे. जॅक्सन त्यांच्या गावी गेले. १९८८ च्या प्रचारात आयोवा राज्यातले त्यांचे मुख्य कार्यालय राजधानीत नव्हते, तर ग्रीनफिल्ड नावाच्या एका छोट्याशा शेतकरी गावात होते. काळा माणूस तिथे शोधून सापडला नसता. शेतमालाला रास्त भाव आणि छोट्या शेतकऱ्याला जप्तीपासून संरक्षण या त्यांच्या मागण्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकरी मेळाव्यात शोभल्या असत्या.

आजारपणाचा खर्च सरकारी विम्यातून व्हावा, प्रत्येक नागरिकाचा, ही त्यांची आणखी एक ठाम भूमिका. रुग्णालयात लादी पुसणारी, रुग्णांच्या चादरी बदलणारी बाई स्वतः आजारी पडली तर ज्या खाटा ती रोज आवरते त्यातली एकही तिच्या वाट्याला येत नाही, हे ते सभांतून सांगत आणि ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येत.

या सगळ्याला पैसा कुठून येणार? रीगन यांच्या काळात श्रीमंतांना मिळालेली करसवलत काढून घ्या आणि संरक्षणखर्चाला कात्री लावा, हे त्यांचे उत्तर. १९८८ मध्ये त्यांच्या बाजूने अंदाजपत्रकाचा आराखडाही मांडला गेला. इतर उमेदवार कर वाढवण्याचा शब्द उच्चारायला घाबरत होते. चार वर्षांपूर्वी तो उच्चारून वॉल्टर माँडेल यांनी सपाटून मार खाल्ला होता. तेव्हा जॅक्सन यांचे धाडस मान्य करावे लागते. हरण्याची ज्याला सवय आहे त्यालाच असे धाडस परवडते, असेही त्यांचे टीकाकार म्हणत. शिवाय तोवर त्यांनी एकही निवडणूक जिंकलेली नव्हती, एकही सरकारी खाते चालवलेले नव्हते.

परराष्ट्रधोरणात त्यांनी अधिकच शत्रू जोडले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी संबंध तोडा, अण्वस्त्रस्पर्धा थांबवा, पॅलेस्टिनी लोकांना त्यांचे राष्ट्र द्या. जानेवारी १९८४ मध्ये सीरियात कैद झालेल्या अमेरिकन वैमानिकाला ते स्वतः जाऊन सोडवून घेऊन आले, तेव्हा रीगन यांनाही त्यांचे व्हाइट हाउसमध्ये स्वागत करावे लागले. परंतु काही आठवड्यांतच, खासगी गप्पांत ज्यू लोकांविषयी आणि न्यूयॉर्कविषयी त्यांनी वापरलेला हिणकस शब्द छापून आला. आधी नाकारून मग त्यांनी माफी मागितली. बंधुत्वाची प्रवचने देणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द गेला, याचे दुःख त्यांच्या चाहत्यांनाही झाले. चार वर्षांनंतरही न्यूयॉर्कमध्ये ती जखम ओली होती. तिथले महापौर एड कॉच यांनी जॅक्सनना मत देणारा ज्यू वेडाच म्हणावा लागेल, अशा अर्थाचे उद्गार काढले.

गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र ते पूर्ण वळले. सत्तरच्या दशकात त्याविरुद्ध ठामपणे बोलणारे जॅक्सन उमेदवार झाल्यावर हा निर्णय स्त्रीचा आहे, असे म्हणू लागले. यात मनपरिवर्तन किती आणि पक्षाच्या मतदारांचा अंदाज किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

एकच बायबल, दोन जाहीरनामे

योगायोग असा, की त्याच १९८८ साली दुसऱ्या बाजूलाही एक बॅप्टिस्ट पाद्री उभा होता. रिपब्लिकन पक्षाचे पॅट रॉबर्टसन. तेही दक्षिणेतलेच, पण सिनेटरचे चिरंजीव, येल विद्यापीठातून कायदा शिकलेले, धार्मिक दूरचित्रवाणीच्या मोठ्या जाळ्याचे मालक. त्यांनी उमेदवारीपूर्वी, १९८७ मध्ये, पाद्रीपदाचा राजीनामा दिला. गर्भपातावर बंदी, केंद्रीय शिक्षण खाते बंद, अंदाजपत्रकात तूट नको अशी त्यांची भूमिका. आयोवात ते चक्क जॉर्ज बुश यांच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि मग मागे पडले. एकाने त्याच ग्रंथातून घराच्या पावित्र्याचा कायदा काढला, दुसऱ्याने भुकेल्याला भाकरीचा. रॉबर्टसन यांना सरकार लहान हवे होते, जॅक्सन यांना मोठे.

मतदारांनी जॅक्सन यांना अपेक्षेहून फार जास्त दिले. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांत होणाऱ्या प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत मतदानातून ठरतो. १९८८ च्या मार्चमध्ये जॅक्सन यांनी दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली आणि त्याच महिन्यात मोटार कामगारांच्या मिशिगन राज्यातही पहिले आले. काही दिवस सगळा देश अवाक झाला. पण एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क मायकेल डुकाकिस यांनी जिंकले आणि लाट ओसरली. शेवटी जॅक्सन यांच्या पारड्यात सुमारे ६९ लाख मते पडली, एकूण मतांच्या २९ टक्क्यांच्या आसपास.

जुलैमध्ये अटलांटाच्या अधिवेशनात त्यांनी केलेले भाषण आजही आठवले जाते. त्यात त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. ब्लँकेट घ्यायला पैसे नसत, तेव्हा ती लोकरीचे, रेशमाचे, गोणपाटाचे तुकडे गोळा करी आणि त्यांची गोधडी शिवी. शेतकऱ्यांनो, कामगारांनो, स्त्रियांनो, तुमची मागणी रास्त आहे, पण तुमचा तुकडा एकटा पुरणार नाही, असे ते एकेकाला उद्देशून म्हणाले. सभागृह उभे राहिले.

त्या टाळ्यांनी पक्षाचा जाहीरनामा मात्र बदलला नाही. श्रीमंतांवर कर वाढवण्याचा आणि अण्वस्त्रे आपण होऊन प्रथम न वापरण्याचा असे त्यांचे दोन्ही ठराव मतदानात पडले. पॅलेस्टाइनचा ठराव मताला न टाकताच मागे घेतला गेला. दक्षिण आफ्रिकेबाबतची कठोर भाषा तेवढी स्वीकारली गेली. कारखाना बंद करण्यापूर्वी कामगारांना साठ दिवसांची नोटीस देण्याचा कायदा ऑगस्ट १९८८ मध्ये झाला खरा, पण त्यामागे कामगार संघटनांची जुनी लढाई होती. जॅक्सन त्यातला एक आवाज.

त्यांनी खरे मिळवले ते एका रुक्ष वाटणाऱ्या बाबतीत. १९८४ मध्ये सुमारे १८ टक्के मते मिळूनही अधिवेशनात त्यांना प्रतिनिधी त्या मानाने बरेच कमी मिळाले होते. कारण कित्येक ठिकाणी पहिल्या येणाऱ्याला मतांपेक्षा जास्तीचा वाटा देण्याचे नियम होते. १९८८ मध्ये डुकाकिस यांच्याशी समेट करताना जॅक्सन यांच्या माणसांनी हे नियमच बदलून घेतले. पुढच्या निवडणुकीपासून ज्याला जितकी मते, त्याला त्या प्रमाणात प्रतिनिधी. वर्तमानपत्रांनी तेव्हा याकडे फारसे लक्ष दिले नाही.

वीस वर्षांनी, २००८ मध्ये, बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात अटीतटीची चुरस झाली. मोठी राज्ये हरूनही ओबामांना तिथल्या प्रतिनिधींचा आपला वाटा मिळत गेला आणि थोडक्या फरकाने उमेदवारी त्यांच्याकडे आली. गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात जॅक्सन ओबामांवर चिडले होते. काळ्या बापांना जबाबदारीचे धडे देतो म्हणून माइक चालू असल्याचे भान न राहून ते नको ते बोलून गेले आणि पुन्हा एकदा माफी मागावी लागली. रोज दोन तास टीव्ही बंद ठेवण्याची आईबापांकडून लेखी हमी घेणारा माणूस तोच!

४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये ओबामांच्या विजयाची सभा भरली. कॅमेरे गर्दीवरून फिरता फिरता एका चेहऱ्यावर थांबले. सदुसष्ट वर्षांचे जॅक्सन लोकांत उभे होते, व्यासपीठावर नव्हे. हातात छोटा झेंडा होता आणि डोळ्यांतून धारा वाहत होत्या.