मांड

घोड्याच्या पाठीवरील स्वाराची बैठक. घोड्याच्या बदलत्या चालीबरोबर स्वाराने हातांचा आधार न घेता आपला तोल सतत सावरून धरणे, हे चांगल्या बैठकीचे मुख्य लक्षण होय. मांड व मांडी या शब्दांतील साम्यामुळे पक्की मांड म्हणजे मांड्यांनी घोड्याला घट्ट आवळून धरणे, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे आणि नवशिक्या स्वाराच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्‌भवतात.

तोलाचे तत्त्व : उभ्या असलेल्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५५ ते ६० टक्के, भार पुढच्या पायांवर असतो व त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या कोपरांच्या थोडा मागे येतो. स्वार याच्या जितका जवळ व जितका स्थिर बसेल तितका तो घोड्याला हलका वाटतो. संथ चालीत बसलेल्या स्वाराचा कान, खांदा, कमरेचा सांधा व टाच ही एका उभ्या रेषेत असावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. खुर्चीत बसल्याप्रमाणे पाय पुढे टाकून बसू नये, तर पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, असे ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पू. चौथ्या शतकातील आपल्या अश्वारोहणविषयक ग्रंथात सांगितले आहे. त्या काळी ग्रीकांना खोगीर वा रिकीब ठाऊक नव्हती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. रिकिबीने स्वाराची सोय झाली व भाला-तलवार चालविताना त्याला आधार मिळाला. परंतु तोल रिकिबीतून येत नाही. तिच्यावर भार टाकून बसणारा स्वार रिकीब निसटताच खाली येतो.

घोड्याच्या चाली मुख्यतः चार. संथ चालीत चारही पाय एकामागून एक पडतात व पाठ सौम्यपणे हेलकावते. दुडकीत पुढचा एक व त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा, असे दोन पाय एकदम पडतात. दोन टप्प्यांच्या मधे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात. त्यामुळे पाठ प्रत्येक टप्प्यास वर उसळते. असे सुमारे दीडशे धक्के मिनिटास बसतात. त्यापुढची तीन टप्प्यांची दौड व चौखूर धाव या वेगवान असूनही बसण्यास दुडकीपेक्षा सुखकर वाटतात. शिकाऊ स्वाराची खरी कसोटी दुडकीतच लागते आणि घोडेस्वारीचा नाद अर्ध्यावर सोडणारे बहुधा याच पायरीवर सोडतात.

नवशिक्याची अडचण : जमिनीवर तोल गेला असता मनुष्य नकळत तीन गोष्टी करतो : पुढे वाकतो, गुडघे वर ओढून घेतो आणि हाताला येईल ते धरतो. जमिनीवर या तिन्ही क्रिया उपकारक असतात. घोड्यावर तिन्ही घातक ठरतात. स्वार पुढे वाकला की भार घोड्याच्या खांद्यांवर येतो व घोडा पुढे ढकलला गेल्याप्रमाणे वेग वाढवितो. गुडघे वर आले की पोटऱ्या व टाचा घोड्याच्या कुशीला टोचतात. शिकविलेल्या घोड्याच्या दृष्टीने हा ‘पुढे चल’ असा इशारा असतो. त्याच वेळी घट्ट धरलेल्या लगामामुळे कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात असणारा लोखंडी भाग, जबड्यातील दात नसलेल्या नाजूक हिरडीवर दाबले जाते व त्याचा अर्थ ‘थांब’ असा होतो. परस्परविरोधी आज्ञांनी गोंधळलेला घोडा मान झटकतो व पाठ ताठ करतो. ताठ पाठीचा धक्का अधिक जोराचा बसतो. स्वार अधिक उसळतो आणि अधिकच घट्ट आवळून धरतो. आवळलेल्या मांड्या खोगिरावरून चिमट्यासारख्या वर सरकतात व स्वाराला वर उचलतात. म्हणजे पडण्याच्या भीतीने केलेला उपायच पडण्याचे कारण होतो.

तासभराच्या शिक्षणात हे चक्र एकदा सुरू झाले की ते सहसा आपोआप थांबत नाही. स्वाराला आपण अपात्र आहोत असे वाटू लागते व घोडा द्वाड ठरतो. वस्तुतः दोघेही आपापल्या परीने तोलच सावरीत असतात. मोठेपणी शिकू लागलेल्यांना हा अनुभव विशेष येतो. त्यांना पडण्याचे परिणाम ठाऊक असतात आणि त्यांचे कंबर-गुडघ्यांचे सांधे मुलांइतके सैल नसतात. ‘पाठ ताठ, टाच खाली’ असे शिक्षकाने ओरडून सांगण्याचा या वेळी फारसा उपयोग नसतो, कारण आज्ञा पाळण्याच्या धडपडीत शरीर आणखी आखडते. घोड्याला संथ चालीवर आणणे, स्वाराला दीर्घ श्वास सोडू देणे व त्या दिवसाचे शिक्षण तेथेच आटोपणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. थकलेले स्नायू नवे काही शिकत नाहीत.

दोष नेहमी स्वाराचाच असतो असेही नाही. तंग सैल राहिल्यास खोगीर एका बाजूस सरकते. रिकिबींचे पट्टे कमी-अधिक लांबीचे असल्यास स्वार एका अंगास कलतो. एखाद्या पायाने लंगडणाऱ्या वा पाठ दुखणाऱ्या घोड्यावर कुशल स्वारही वेडावाकडा बसतो. म्हणून स्वाराला बोल लावण्यापूर्वी हे सर्व पाहून घ्यावे लागते.

अभ्यासाच्या पद्धती : शिक्षकाने लांब दोराने घोडा आपल्याभोवती वर्तुळात फिरवावा व स्वाराने लगाम व रिकीब दोन्ही सोडून त्यावर बसावे, ही सर्वांत जुनी व निर्विवाद पद्धत आहे. व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयात नव्या विद्यार्थ्यांना प्रारंभी दीर्घकाळ केवळ असेच बसविले जाते. हात कंबरेवर ठेवणे, बाहू पसरणे, घोडा चालत असता पुढे वाकून त्याच्या मानेला स्पर्श करणे, यांसारख्या व्यायामांनी कंबर मोकळी होते व धक्का कंबरेत जिरविण्याची सवय लागते. दुडकीत एका टप्प्यास उठणे व दुसऱ्यास बसणे ही रीत स्वार व घोडा दोघांनाही सुखावह असते. उड्डाणासाठी रिकीब आखूड करून पुढे झुकण्याची बैठक फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या इटालियन अधिकाऱ्याने प्रचारात आणली. तिच्यातही तोल गुडघा व घोटा यांच्या लवचिकपणावर अवलंबून असतो. मल्लखांबाच्या व्यायामाने स्वाराला बळ व धीटपणा येतो. मात्र खांब स्थिर असतो व घोडा नसतो, हा भेद विसरता कामा नये.

महाराष्ट्रातील परंपरा : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणी वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण व नारोष्ट्र असे घोड्याच्या गतीचे प्रकार दिले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात घोड्यावरील खेळांचे वर्णन येते. मराठ्यांच्या लष्कराचे बळ तर शिलेदार व बारगीर यांच्या घोडदळातच होते. पहिल्या बाजीरावाविषयीची एक आख्यायिका या संदर्भात उद्‌बोधक आहे. शत्रुपक्षाने पाठविलेल्या चित्रकाराने त्याचे जे चित्र काढले, त्यात लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला असून बाजीराव दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून खात चालला आहे, असे दाखविले होते म्हणतात. ही कथा पेशव्याच्या साधेपणाचे व चपळाईचे उदाहरण म्हणून सांगतात. तथापि हातांवाचून बैठक कशी असते, याचेही याहून चांगले वर्णन मिळणे कठीण.

वर्धा जिल्ह्याचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. १८५४ साली हे राज्य इंग्रजी अमलाखाली जाऊन भोसल्यांच्या घोडदळाचे दिवस संपले. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे या भागात घोड्याचे महत्त्व ओसरत गेले. काळ्या चिकण जमिनीच्या या मुलखात शेतीचा व प्रवासाचा भार बैलांवरच होता. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील गवळाऊ बैल दुडक्या चालीबद्दल विशेष प्रसिद्ध आहेत. मराठ्यांनी लष्करी वाहतुकीसाठी ही जात जोपासली असे मानतात. रेंगी-दमणीच्या प्रवासाची किंवा शंकरपटाची सवय असलेल्या माणसाला तोल म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागू नये. धावत्या छकड्यावरील धुरकरी धक्के गुडघ्यांतून जिरवितो. स्वाराने ते कंबरेतून जिरवायचे असतात. आज मात्र या जिल्ह्यातील बहुतेकांचा घोड्याशी संबंध लग्नाच्या वरातीपुरता उरला आहे. नवरदेवाला मिरविणारा घोडा कोणीतरी हाती धरलेला असतो. तेवढ्या अनुभवावर स्वारी शिकण्यास आलेल्याची पहिल्या दुडकीतच निराशा होते.

पद्धतशीर शिक्षणाची सोय महाराष्ट्रात मोजक्या ठिकाणी आहे. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे स्थापन केलेल्या भोसला सैनिकी विद्यालयात घोडेस्वारीस आरंभापासून स्थान आहे. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवितात. विदर्भातील विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेनेचे नागपूर येथील अश्व व पशुवैद्यक पथक सर्वांत जवळचे होय. हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत (२०२३) भारतीय संघाने अश्वचालन-कौशल्याच्या, म्हणजे ड्रेसाजच्या, सांघिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा हा स्वार होता. या प्रकारात परीक्षक घोड्याबरोबरच स्वाराची बैठकही पाहतात, आणि स्वार काही करीत आहे असे पाहणाऱ्यास जितके कमी जाणवेल तितके त्याचे कौशल्य अधिक समजले जाते.