डहाणू-तलासरीचे धक्के
पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापक बसविले. सामान्यतः मुख्य धक्क्यानंतर दुय्यम धक्के विरळ होत जातात. येथे मुख्य म्हणावा असा धक्काच नाही. अशा समूहास शास्त्रज्ञ ‘थवा’ म्हणतात. (रूढ ‘मालिका’ शब्द क्रम सुचवितो, आणि नेमका तोच येथे नसतो.) भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, हे कारण काही संशोधक मांडतात.

लहान धक्क्यांनी भूगर्भातील ताण निघून जातो, हा दिलासा मात्र गणितास धरून नाही. मापनात एका अंकाची वाढ म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा होय. सहा अंकांच्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडण्यास चार अंकांचे सुमारे १,००० धक्के लागतील. २०१९ च्या थंडीत उघड्यावर निजणाऱ्या ग्रामस्थांचे भय अडाणीपणाचे नव्हते.