त्रयीतील तिसरे नाव

संगीत शिकविणाऱ्याने फुटबॉलवर लेखणी चालवावी, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण गेल्या वर्षी माझ्या एका शिष्याने मला असा प्रश्न केला, की त्याचे उत्तर मला गाण्यात सापडेना. आठ वर्षे तालीम घेतलेल्या या मुलाला फुप्फुसाच्या दुखण्याने गाठले आणि डॉक्टरांनी तानांना मनाई केली. "गुरुजी, आठ वर्षे फुकटच गेली ना?" त्याने विचारले. मी त्याला तुलसीदास बलराम यांची हकीकत सांगितली.

बलराम आपल्या सिकंदराबादचे. १९३६ साली अम्मुगुडा येथे एका गरीब तमिळ घरात ते जन्मले. त्यांना हेरले ते रहीमसाहेबांनी. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर, आणि शिकवणेही अस्सल मास्तरी! चेंडू घोळवायचा नाही, दुबळ्या पायानेच मारायचा, अशा अटींवर ते सामने खेळवीत. आमच्याकडे मुलाला महिनोन् महिने एकाच पलट्यावर बसवतात, त्यातलाच हा प्रकार. हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष ट्रॉफी जिंकली, ती या तालमीच्या बळावर.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या संघात बलराम होते. वय अवघे वीस. पुढल्याच वर्षी ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले. १९६१ साली कर्णधार या नात्याने त्यांनी संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम ही आघाडीची त्रयी देशभर गाजू लागली. बलराम डाव्या अंगाला खेळत. पण गरज पडताच मागे येऊन चेंडू घेत, आणि दुसऱ्याला वाट करून देत. साथसंगत जाणणाऱ्याला या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बलाढ्य हंगेरीने आपल्याला कसेबसे २-१ असे हरविले. आपला एकमेव गोल बलराम यांचा. पेरूविरुद्धही भारताचा एकुलता एक गोल त्यांनीच केला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळात, भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. त्या वर्षी बलराम यांना अर्जुन पुरस्कार लाभला.

आणि नंतर? १९६३ साली ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघात गेले. त्याच वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब वारले. पाठोपाठ फुप्फुसाच्या विकाराने बलराम यांचा खेळ थांबला. वय सत्तावीसच्या आतबाहेर! गवयाचा गळा ज्या वयात खुलू लागतो, त्या वयात यांची मैफल संपली.

चुनी गोस्वामींना १९८३ मध्ये आणि बॅनर्जींना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. बलराम यांना ती कधीच मिळाली नाही, आणि हा सल त्यांनी लपवून ठेवला नाही. २०२० मध्ये दोघे सोबती गेले. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी बलराम यांनीही कलकत्त्यात देह ठेवला. ज्या गावाने त्यांना घडविले, त्या आपल्या गावातील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, हे मी माझ्याच वर्गात विचारून पाहिले. एकही हात वर झाला नाही.

शिष्याने सारे ऐकून घेतले. "मग त्यांची वर्षे फुकट गेली का?" मी विचारले. तो बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आला आणि तानपुरा जुळवून बसला. हल्ली लहान मुलांना सरगम तोच शिकवितो, अगदी हळू आवाजात. परवा एक मुलगा सुराला चिकटून बसेना, तेव्हा तो म्हणाला, "दुबळ्या पायाने मार!" मुले हसली. मला मात्र रहीमसाहेबांची आठवण झाली.