डॉक्टर झालेली मुलगी दवाखाना सोडून धोरणाकडे का वळते?

घरातली मुलगी एमबीबीएस झाली की नातेवाईकांचे प्रश्न ठरलेले असतात : दवाखाना कुठे टाकणार? एमडी कशात करणार? अशा वेळी ती म्हणाली, "मला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे, आरोग्य धोरणावर काम करायचे आहे," तर घरचे बुचकळ्यात पडतात. ऑफिसात बसायचे होते तर डॉक्टर कशाला झाली? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीत सापडते, आणि ते मानवत तालुक्यातल्या तुमच्या घरापर्यंत येऊन पोहोचलेले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे नागपुरात एमडी झाले. शहरात त्यांची प्रॅक्टिस सहज चालली असती. पण ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परत येऊन 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेव्हा दोघेही पस्तिशीच्या आसपास होते. त्यांनी रुग्ण तपासणे सोडले नाही. त्यासोबत त्यांनी एक साधे पण चिकाटीचे काम सुरू केले, ते म्हणजे गावोगावी जन्म आणि मृत्यू मोजणे.

या मोजणीतून कळले की अनेक बाळे जन्मानंतर पहिल्या 28 दिवसांतच, घरातच दगावतात. जंतुसंसर्ग, कमी वजन, जन्मताच श्वास न घेणे अशी त्याची कारणे. ही बाळे दवाखान्यापर्यंत येतच नव्हती. दवाखान्यात बसलेला डॉक्टर कितीही हुशार असला तरी जे बाळ त्याच्यासमोर येतच नाही, त्याला तो कसा वाचवणार?

म्हणून त्यांनी 39 गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्याला उबदार ठेवणे, संसर्ग ओळखणे, गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या घरी जाऊन करू लागल्या. त्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे 62 नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षापर्यंत हा आकडा 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पण छापून आले म्हणजे झाले, असे नसते. आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या देशभरच्या मार्गदर्शक सूचना आल्या 2011 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. पुरावा हातात असताना सरकारी यंत्रणेला तो पटवून देणे, प्रशिक्षण कसे द्यायचे ते ठरवणे, खर्चाची तरतूद करून घेणे, याला धोरणाचे काम म्हणतात. ते कंटाळवाणे असते आणि त्यातले सगळेच मनासारखे होत नाही. त्या सूचनांनुसार एका बाळाच्या सगळ्या भेटींसाठी आशाताईंना मिळून 250 रुपये ठरवले गेले. माझ्या मते ही रक्कम त्या कामाच्या मानाने फारच थोडी होती.

आता तुमच्या घरचे पाहू. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशा सहा वेळा घरी यायला हवे. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. त्या बाळाचे वजन आणि ताप पाहतात, अंगावरचे दूध नीट मिळते का हे विचारतात. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत इंजेक्शन देत, पण आशाताईंचे मुख्य काम तपासणे, समजावणे आणि वेळेत पुढे पाठवणे हे आहे. त्यामुळे "सुई दिली नाही, मग येऊन काय केले" असे म्हणू नका. भेट होत नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा.

बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. 108 वर फोन करा आणि बाळाला छातीशी उबदार धरून दवाखान्यात न्या. सरकारी दवाखान्यात बाळाला पहिल्या वर्षापर्यंत उपचार आणि नेण्याआणण्याची सोय मोफत आहे.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला अडवू नका, पण एक गोष्ट जरूर सुचवा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती टाळण्यापेक्षा ग्रामीण भागातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मनापासून करावी. औषधसाठा का संपतो, रात्री रुग्णवाहिका कुठे अडकते, नोंदवहीतले आकडे आणि गावातली परिस्थिती यांत किती अंतर असते, हे तिथेच कळते. त्यानंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. सुरुवातीचे उत्पन्न खासगी प्रॅक्टिसपेक्षा कमी असू शकते. घरावर शिक्षणाचे कर्ज असेल तर त्याचा हिशेब आधीच सगळ्यांनी एकत्र बसून करावा.