बाबांची गाडी, आईची सीट आणि एक भेग

बाबांच्या वाढदिवसाला मी त्यांना गाडीच्या डॅशबोर्डचं कव्हर दिलं. इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून, ऑनलाइन मागवून. काळं, जाड, कडेला लाल शिलाई. डॅशबोर्डवर पडलेली भेग त्याखाली अशी काही गायब झाली की आई म्हणाली, "गाडी नवी दिसायला लागली गं!" आठ दिवसांनी आम्ही कामशेतजवळच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलायला गेलो. मेस्त्रीकाकांनी दार उघडलं, कव्हरकडे बघितलं आणि म्हणाले, "हे कोणी घातलं? आधी काढा."

खरं सांगू? मला राग आला. माझ्या पहिल्या कमाईचं गिफ्ट होतं ते! पण काकांनी पुढचा प्रश्न विचारला, "पुढे डाव्या सीटवर कोण बसतं?" बाबा म्हणाले, "हिची आई." काका म्हणाले, "मग काढाच."

आमची गाडी २०१४ची आहे, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. टॉप मॉडेल असल्यामुळे तिला पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आहेत. ड्रायव्हरची स्टीअरिंगमध्ये आणि शेजारची डॅशबोर्डच्या आत. डाव्या बाजूला नीट बघितलं, तर एक चौकोनी झाकण आणि त्याच्याभोवती बारीक रेघ दिसते. गाडी आदळली की एअरबॅग ते झाकण उघडून बाहेर येते आणि सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. त्या झाकणावर चिकटवलेलं जाड कव्हर असेल, तर बॅग अडकू शकते, उशिरा फुगू शकते किंवा भलत्या दिशेला जाऊ शकते. म्हणजे मी भेग झाकली होती आणि त्यासोबत आईची एअरबॅगसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीला कुठे एवढं सगळं आहे? असेलही, नसेलही. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ती मॉडेलनुसार असते किंवा नसते. त्यामुळे घरच्या गाडीत बसलात की डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरं कोरलेली आहेत का, ते बघा. असतील तर तिथे गणपतीची मूर्ती, मोबाइल स्टँड, परफ्यूमची बाटली काहीही चिकटवू नका. आणि लोणावळ्याच्या ट्रिपमध्ये डॅशबोर्डवर पाय टाकून रील काढत असाल, तर ते आजपासून बंद. एअरबॅग फुगली तर ते पाय तुमच्याच तोंडावर येतील.

भेग येते कुठून?

मला वाटायचं, डॅशबोर्ड म्हणजे एक प्लॅस्टिकचा तुकडा, जुना झाला की तडकतो. काकांनी दोन प्रकार दाखवले. पहिला, आमच्यासारख्या छोट्या गाड्यांमधला. टणक प्लॅस्टिकचा साचा, बोटाने ठोकलं तर टकटक वाजतो. दुसरा मऊ, बोटाने दाबला तर किंचित दबतो. त्याच्या वर रेक्झिनसारखी पातळ कातडी, मध्ये फोम आणि खाली टणक प्लॅस्टिक.

मऊ डॅशबोर्डच्या कातडीत ती लवचीक राहावी म्हणून काही रसायनं घातलेली असतात. उन्हाने ती हळूहळू बाहेर पडतात. जुन्या गाडीच्या समोरच्या काचेवर आतून धुरकट थर जमतो ना? त्यात यातलाच काही भाग असतो. रसायनं गेली की कातडी कडक होते, आकसते आणि एके दिवशी फाटते. टणक प्लॅस्टिकचं वेगळं. तेही उन्हाने ठिसूळ होतंच, पण भेग बहुतेक वेळा ताण बसतो तिथून सुरू होते. काचेजवळची हवेची जाळी, स्क्रूचं भोक, पॅनलचा कोपरा. आमच्या गाडीत गेल्या वर्षी म्युझिक सिस्टिम बदलताना पॅनल जोरात ओढलं गेलं होतं. भेग तिथूनच निघाली असणार, असं काकांचं म्हणणं.

ऊन म्हणजे किती ऊन? अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेर ३८ अंशांच्या आसपास तापमान असताना तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापले होते. तळेगाव-वडगावचा एप्रिल-मे आठवा. स्टेशनबाहेर गाडी लावून बाबा सकाळी लोकल पकडतात आणि संध्याकाळी परत येतात. दिवसभर तो डॅशबोर्ड तव्यावर असतो. समोरच्या काचेतला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरणं बऱ्यापैकी अडवतो, पण उष्णता आत येतेच. पन्नास रुपयांचा पुठ्ठा काचेला लावला असता तर बरंच वाचलं असतं. आता लावतो.

दुरुस्ती, बदली की राहू दे?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. बाबांचं मत, "चालतेय ना गाडी? राहू दे." माझं मत, "अख्खा डॅशबोर्डच बदलू." काकांचं मत, "आधी भेग कुठे चाललीय ते बघू."

त्यांनी टॉर्च घेतला. भेग काचेजवळच्या जाळीपासून निघून डावीकडे येत होती. एअरबॅगच्या झाकणापासून चार बोटं अलीकडे थांबली होती. "झाकणात शिरली असती तर मी हातच लावला नसता," ते म्हणाले. "मग कंपनीचं सर्व्हिस सेंटर, दुसरं काही नाही." एअरबॅगचं झाकण ठरावीक जागीच फाटावं म्हणून तशा पद्धतीने बनवलेलं असतं. त्यात लांबी भरली, रंग थापला किंवा वरून रेक्झिन चढवलं, तर ते फाटायला हवं तसं फाटत नाही. राहू दे म्हणणंही धोक्याचं होतं. घाटातले धक्के आणि उन्हाळा, दोन्ही मिळून भेग रोज थोडी पुढे सरकवतात.

मग अख्खा बदलायचा? मला वाटलं होतं, चार स्क्रू काढले की झालं. प्रत्यक्षात स्टीअरिंग उतरवावं लागतं, मीटर काढावा लागतो, एसीच्या जाळ्या, म्युझिक सिस्टिम, हातमोज्यांचा कप्पा, मागची वायरिंग सगळं सुटं होतं. जुन्या गाडीच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा काढताना तुटतात आणि नंतर आयुष्यभर गाडी खडखड वाजते. शिवाय नवा डॅशबोर्ड आणि मजुरी मिळून जो आकडा आला, तो माझ्या एका सेमिस्टरच्या फीच्या वर होता. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय संपला.

सेकंडहँडचा पर्याय असतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथे जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. पण तिथे जाणार असाल तर तीन गोष्टी पाळा. बिल घ्या. मॉडेलसोबत वर्ष आणि व्हेरिएंट जुळवा, कारण एअरबॅगवाला आणि बिनएअरबॅगचा डॅशबोर्ड वेगळा असतो. आणि भंगारातल्या गाडीची एअरबॅग कधीच बसवून घेऊ नका. डॅशबोर्डसोबत मीटरही बदलणार असतील तर आधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, नाहीतर गाडी विकताना तुमच्यावरच संशय येईल.

तळेगावात जन्मलेली गाडी

गॅरेजमध्ये आमच्या शेजारी एक शेवरोले बीट उभी होती. तिचाही डॅशबोर्ड उन्हाने उडालेला. "ही इथलीच पोरगी," काका म्हणाले. ते खरंच आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१० मध्ये आलेली बीट तिथेच बनायची. आपल्यापैकी कितीतरी जणांचे काका, मामा, शेजारी तिथे कामाला होते. २०१७च्या अखेरीला कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादनही बंद झालं. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना विकत घेण्याचा करार केला. गेट तेच, गाड्या दुसऱ्या.

कंपनी गेली तरी रस्त्यावरच्या गाड्या जात नाहीत. ब्रेक पॅड, फिल्टर, बेल्ट हे रोज खपणारे भाग, ते बाहेरच्या कंपन्याही बनवतात. डॅशबोर्ड मात्र गाडीच्या आयुष्यात एकदाच लागतो. त्याचा अवाढव्य साचा फक्त एका मॉडेलसाठी असतो, त्यामुळे मूळ उत्पादन थांबलं की दुसरं कोणी तो बनवत बसत नाही. अशा गाडीला डॅशबोर्ड मिळतो तो दुसऱ्या मोडलेल्या गाडीतून, नाहीतर आहे तोच सांधायचा. तुम्ही सेकंडहँड गाडी बघत असाल तर किंमत आणि ॲव्हरेजसोबत हेही विचारा, की हिचे मोठे भाग अजून मिळतात का?

सांधायचं कसं?

आमचा निर्णय झाला, दुरुस्ती. मी अख्खी दुपार स्टूल टाकून बघत बसले. तुम्ही घरी करून बघावं म्हणून हे लिहीत नाहीये, मेस्त्री काय करतोय ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी बॅटरीची तार काढली आणि काही मिनिटं नुसतं थांबले. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते. पिवळ्या रंगाच्या वायरी आणि सॉकेट दिसले की ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. मग भेगेच्या अगदी टोकाला बारीक ड्रिलने एक भोक पाडलं. मी ओरडलेच, "काका, अजून मोठं करताय!" ते हसले. भेगेचं टोक अणकुचीदार असतं, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तिथे गोल भोक असलं की ताण आजूबाजूला पसरतो आणि भेग पुढे जात नाही.

नंतर पॅनल सैल करून मागची बाजू बघितली. तिथे प्लॅस्टिकचं नाव ठशात असतं. आमचं निघालं 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. याला साधा इन्स्टंट ग्लू धरतच नाही. बाबांनी पूर्वी दोन ट्यूब संपवल्या होत्या, त्या का उपयोगी पडल्या नाहीत हे तेव्हा कळलं! 'एबीएस' असतं तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या त्याच प्लॅस्टिकने सांधता आलं असतं. पीपीला मागून तापवलेली स्टीलची जाळी बसवली आणि त्यावर पीपीचीच कांडी वितळवून भरली. वरून पॉलिश पेपर, प्लॅस्टिकचा प्रायमर आणि मॅट काळा रंग. डॅशबोर्ड मऊ असता तर पद्धत वेगळी असती. उचललेल्या कडा कापायच्या, लवचीक फिलर भरायचा, घासायचं, मग रंग. नाहीतर सीटकव्हरवाल्याकडून अख्खा रेक्झिनने मढवून घ्यायचा, एअरबॅगचं झाकण सोडून.

मॅट रंगच का, चकचकीत का नाही? संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात मुंबईच्या दिशेने उतरून बघा. सूर्य समोर असतो आणि चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर पडतं. वळणावर पुढचा ट्रक दिसायला हवा, आपलं पॉलिश नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली. हे काम पावसाआधी करून घ्या किंवा थेट दिवाळीच्या सुमारास. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये इथे कपडे वाळत नाहीत, तिथे प्रायमर आणि रेक्झिनचा गोंद काय वाळणार? दमट हवेत रंगावर पांढुरका थर येतो आणि रेक्झिनच्या आत बुरशी धरते. घाईत काम उरकून देतो म्हणणाऱ्यापेक्षा "आत्ता नको, ऑक्टोबरात या" म्हणणारा मेस्त्री बरा.

रेघ दिसतेच

काम झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. खरं सांगायचं तर भेग पूर्ण गायब झालेली नाही. प्लॅस्टिकवरचे मूळ बारीक दाणे तिथे परत आलेले नाहीत, त्यामुळे ऊन तिरपं पडलं की एक गुळगुळीत रेघ दिसते. काकांनी ते आधीच सांगितलं होतं. खर्च आला अख्ख्या बदलीच्या तुलनेत अगदीच थोडा, तरी माझ्या कव्हरपेक्षा जास्त. तो बाबांनी दिला.

आमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतील. तेव्हा आरसी नूतनीकरणाला आरटीओत जावं लागेल. एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी ते शुल्क सहाशेवरून पाच हजार झालंय, म्हणजे तोपर्यंत गाडी ठेवायची की नाही हा वाद घरात परत होणारच आहे. पण तोपर्यंत ती रोज चालणार आहे आणि डाव्या सीटवर आई बसणार आहे.

कव्हर परत घ्यायची मुदत संपली होती. ते आता मागच्या सीटवर आजीच्या पाठीशी उशीसारखं घडी करून ठेवलंय. आजी म्हणते, "चांगलं मऊ आहे हो, कितीला आणलंस?"

आजीला मी अजून किंमत सांगितलेली नाही. तुम्ही मात्र आज घरी गेलात की गाडीत बसा, डाव्या बाजूची ती अक्षरं शोधा आणि भेग असेल तर तिच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याने परत बघा. भेग खुणेच्या पुढे गेली असेल, तर मेस्त्रीकडे जायची वेळ झाली.