परवान्यावरील बारीक अक्षरे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील सरकारी प्राथमिक शाळेचे स्नेहसंमेलन होते. मुलांनी एक छोटेसे नाटक बसविले होते व त्यात शिकाऱ्याचे एक पात्र होते. लाकडी बंदूक शोभत नाही असे मुलांना वाटले आणि त्यांनी रानालगत शेती करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे त्यांची ठासणीची बंदूक मागितली. त्या गृहस्थांजवळ पीकसंरक्षणाचा रीतसर परवाना होता. नातू त्याच नाटकात काम करीत होता. त्यांनी बंदूक पुसून, दारू न भरता शाळेत आणून दिली. प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत आम्हीच बसलो होतो. खरी बंदूक रंगमंचावर आली तेव्हा सर्वांबरोबर आम्हीही टाळ्या वाजविल्या.

पुढे कोणीतरी पोलीस ठाण्यात अर्ज केला. चौकशी झाली, खुलासा मागविण्यात आला आणि परवाना निलंबित होऊन बंदूक ठाण्यात जमा झाली. प्रकरण कचेरीच्या कपाटात पडून राहिले. पाऊस आला, भात पोटरीस आले आणि रानडुकरे उतरली. डबे बडविले, मशाली पेटविल्या, रात्र रात्र जागून काढली. तरी भाद्रपदाच्या अखेरीस त्या शेताचा निम्म्याहून अधिक भाग उकरलेला व आडवा झालेला आम्ही स्वतः पाहिला. बांधावर उभे राहून ते वृद्ध गृहस्थ आम्हांस एवढेच म्हणाले, “फादर, कागद तर होता की माझ्याकडं.”

त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. तथापि दोष आमचा होता. शाळेच्या आवारात बंदूक येणे हे नियमाविरुद्ध आहे, हे त्या दिवशी तेथे बसलेल्या सुशिक्षितांपैकी एकासही ठाऊक नव्हते. आणि ज्याने ठाऊक करून घ्यावयास हवे होते तो पाहुण्याच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवीत होता. म्हणून आम्ही या विषयाचे कायदे व नियम मिळवून वाचले. त्यांतून जे हाती आले ते आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी खुंटीवर परवान्याची बंदूक आहे त्यांनी हा लेख घरातील मुलांनाही वाचून दाखवावा.

कागद कशाचा असतो?

“माझ्याकडे परवाना आहे, मग मी बंदूक कोठेही नेईन,” ही आपल्याकडील सर्वांत रूढ समजूत होय, आणि ती चूक आहे. परवाना हा हत्यार जवळ ठेवण्याची मुभा देतो. ती मुभा ठराविक कारणासाठी, ठराविक क्षेत्रापुरती व ठराविक अटींवर असते. डुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेली बंदूक शेतासाठी आहे; ती खांद्यावर टाकून सातबारा आणावयास जाण्यासाठी नाही.

ही मुभा आहे, हक्क नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रज सरकारने भारतीयांची हत्यारे काढून घेतली व युरोपीयांना मात्र सूट दिली. तो अपमान आपल्या नेत्यांस एवढा झोंबला होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांस असावा असे कलम घालण्यात आले. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व समितीने ती फेटाळली. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा जो हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. ‘विनाशस्त्र’ या एका शब्दात सार्वजनिक जागेविषयी आपल्या देशाने काय ठरविले ते सर्व आले.

त्याच विचाराने १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखाली २०१६ चे नियम चालू आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. पूर्वी ती तीन होती. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. घरात आजोबांची, वडिलांची व स्वतःची मिळून तीन हत्यारे एकाच नावावर असतील, तर ती बाब आजच मार्गी लावावी.

शाळा, जत्रा, मिरवणूक

परवान्याच्या छापील अटींमध्ये बारीक अक्षरांत एक वाक्य असते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्याची खास परवानगी असल्याखेरीज परवानाधारकाने आपले हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक मेळाव्यात किंवा कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये, असा त्याचा आशय आहे. आमच्या त्या वृद्ध गृहस्थांच्या परवान्यावरही ते वाक्य होते. बंदूक रिकामी होती, हेतू निर्मळ होता, नातवाचे कौतुक होते. परंतु अट आवारात नेण्याविषयीची आहे, गोळी झाडण्याविषयीची नाही. अटीचा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास असतो. निलंबनाविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. मात्र ते मुदतीत करावे लागते. आम्ही ते वेळीच केले असते तर कदाचित ते भात वाचले असते.

धार्मिक मिरवणूक म्हटली की तीत आपल्या सणाची मिरवणूकही आली. पूर्वी काही गावी सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात हौसेने बार काढीत असत. लग्नाच्या वरातीतही तसे होई. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात येईल अशी बंदूक झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ज्याच्या घरी लग्न आहे त्याने हा आकडा वाजंत्रीवाल्यांना विडा देण्यापूर्वी पाहुण्यांना सांगून ठेवावा.

मतदानाचा दिवस

शाळेची तीच इमारत मतदानाच्या दिवशी मतदान केंद्र होते आणि तेव्हा नियम अधिक कडक होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली एक कलम घालण्यात आले. त्यानुसार मतदानाच्या दिवशी केंद्रावरील अधिकारी, पोलीस व बंदोबस्तावर नेमलेले लोक सोडून कोणीही केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाता कामा नये. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय दोष सिद्ध झाल्यास हत्यार जप्त होऊ शकते व परवाना रद्द झाला असे समजले जाते. रात्रभर माळ्यावर राखण करून पहाटे परस्पर रांगेत उभे राहणाऱ्यांनी आधी घर गाठावे, बंदूक कुलपात ठेवावी व मग मतदानास जावे.

निवडणूक जाहीर झाली की हत्यारे ठाण्यात जमा करण्याची सूचना येते. येथे मात्र परवानाधारकाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली असे सांगितले की, सर्वांना सरसकट हत्यारे जमा करावयास लावू नये. छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करून ठरवावे. म्हणून ज्याचे पीक उभे आहे व ज्याच्यावर कसलाही गुन्हा नाही, त्याने आपली अडचण लेखी अर्जाने मांडावी. सूट मिळाली नाही तर बंदूक जमा करावी व पावती परवान्याबरोबर जपून ठेवावी. सूट मिळाली तरी ती हत्यार घरी व शेतात ठेवण्याची सूट आहे. केंद्रावर नेण्याची नव्हे.

सरकारी रान

सरकारी मालमत्ता म्हणजे केवळ कचेरीच्या भिंती नव्हेत. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. सत्तरीतील म्हादई १९९९ साली. त्या भागातील आमच्या वाचकांच्या शेताच्या वाटा रानातूनच जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्व लेखी परवानगीवाचून कोणीही हत्यार घेऊन अभयारण्यात प्रवेश करू नये. राष्ट्रीय उद्यानासही हेच लागू आहे. बंदुकीचा परवाना ही ती परवानगी नव्हे; हे दोन वेगळे कागद आहेत. तसेच अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव खात्याकडे नोंदवावे लागते, व त्या पट्ट्यात नवा परवाना त्या खात्याच्या संमतीवाचून देता येत नाही. या कायद्याखाली दोषी ठरलेल्याचा बंदुकीचा परवाना रद्द करून त्यास पाच वर्षे नवा परवाना नाकारण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी, असेही समजू नये. डुक्कर मारावयाचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती मात्र गुन्हा ठरत नाही.

अमेरिकेकडे एक दृष्टिक्षेप

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेत तर बंदूक बाळगणे हा घटनेनेच दिलेला हक्क आहे; तेथे असले निर्बंध नसतील. हक्क आहे खरा. तेथील घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ पासूनची आहे. परंतु २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क व्यक्तीचा आहे असे ठरविले, तेव्हा त्याच निकालात शाळा व सरकारी इमारती यांसारख्या नाजूक जागी बंदूक नेण्यावरील बंदीस बाध येत नाही असेही सांगितले. केंद्र सरकारच्या कचेरीत बंदूक नेल्यास तेथे एक वर्षापर्यंत व केंद्रीय न्यायालयात नेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते. पण उद्यानातील कचेरीचा उंबरठा आला की तीच बंदूक निषिद्ध.

राज्याराज्यांतही फरक आहे. टेक्ससच्या विधानभवनात परवानाधारक आपल्या पिस्तुलासह जाऊ शकतो. मिशिगनच्या विधानभवनात ३० एप्रिल २०२० रोजी निदर्शक उघड बंदुका घेऊन शिरले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये तेथे उघड हत्यार बाळगणे बंद करण्यात आले. कोणत्या जागा नाजूक मानाव्यात यावर तेथील न्यायालयांत अद्यापि वाद चालू आहेत.

त्यांच्या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस फार आवडली. केंद्र सरकारच्या इमारतीच्या प्रत्येक सार्वजनिक दारावर बंदीची पाटी लावावी लागते. पाटी नसेल आणि त्या माणसास बंदी ठाऊकही नसेल, तर या कलमाखाली त्यास दोषी धरता येत नाही. आमच्या शाळेच्या दारावर अशी पाटी असती तर? आपल्याकडे पाटी असते, पण ती परवान्यावरच, बारीक अक्षरांत, आणि अनेकांच्या परवान्यावर त्यांस न वाचता येणाऱ्या भाषेत छापलेली असते.

काय करावे?

म्हणून आमची विनंती साधी आहे. परवाना पेटीतून काढावा व घरातील शिकल्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्याच्या सर्व अटी मोठ्याने वाचून घ्याव्यात. क्षेत्र कोणते, मुदत केव्हा संपते, काय वर्ज्य आहे, हे वहीत लिहून ठेवावे. पंचायत, तहसीलदार कचेरी, न्यायालय, दवाखाना, शाळा येथे कामासाठी जाताना बंदूक घरी कुलपात ठेवावी. तपासणीसाठी बोलावणे आले असेल तरच ती न्यावी. तीही रिकामी करून, पूर्ण झाकून व परवाना बरोबर घेऊन. जमावबंदीचा हुकूम जारी असेल तर निघण्यापूर्वी ठाण्यात विचारावे. आणि कोणी हौसेने, नाटकास, वरातीस वा छायाचित्रासाठी बंदूक मागितली, तर मागणारा फादर असला तरी नाही म्हणावे.

त्या वृद्ध गृहस्थांची बंदूक दिवाळीनंतर परत मिळाली. तोवर कापणी आटोपली होती. त्यानंतरच्या स्नेहसंमेलनात शिकाऱ्याच्या हातात लाकडी बंदूक होती. ती त्या आजोबांनीच फणसाच्या फळीतून तासून दिली होती. याही वेळी आम्ही टाळ्या वाजविल्या. मात्र त्यापूर्वी आम्ही रंगमंचामागे जाऊन ती हातात घेऊन पाहिली होती.