गुठळी नको, बर्फही नको

उन्हाळा लागला की आरोग्याच्या या पानाकडे एक प्रश्न हमखास येतो. लेकरं दुकानातल्या मिल्कशेकचा हट्ट धरतात. घरी करावा तर पाणचट होतो, केळाचे तुकडे तळाशी बसतात, वर नुसता फेस. दुकानासारखा घट्ट आणि मऊ कसा करायचा? शिवाय लाईन गेली की मिक्सरही बंद. मग काय करायचं?

याचं उत्तर शोधायला आम्ही शहरातल्या ज्यूस सेंटरकडे न जाता हेमलकशाकडे वळतो आहोत. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड तालुक्यातलं हे गाव, आलापल्लीहून साठेक किलोमीटर आत, घनदाट जंगलात. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे वीजच नव्हती. आजही पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, वाटेतले नाले भरले की भामरागडकडचा रस्ता तुटतो. मग दुधाच्या पिशव्या कुठल्या आणि बर्फ कुठला! पण घट्ट, मऊ, पोट भरणारं पेय त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांदळाची किंवा कोसरीसारख्या बारीक धान्याची पातळ पेज माडिया माणूस 'जावा' म्हणून पितो. रानात जाताना भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेतो. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत ज्वारीची, नाचणीची आंबील असते, ती याच घराण्यातली.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. माडिया लोक गाईगुरं पाळतात, पण पूर्वापार त्यांच्यात दूध काढून पिण्याची रीत नव्हती. गाईचं दूध वासराचं, हा त्यामागचा विचार. 'दुधाशिवाय ताकद नाही' असं आपल्या वस्तीत लहानपणापासून ऐकायला मिळतं. ते सगळ्यांना लागू नाही. मोठेपणी अनेकांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी होत जातं. ग्लासभर दूध प्यायलं की पोट गुरगुरतं, गॅस होतो, पातळ जुलाब होतात. हा काही आजार नव्हे, आणि त्या माणसाने मन मारून दूध प्यायलाच हवं असंही नाही. दही-ताक त्याला बहुधा चालतं, कारण विरजण लागताना त्या साखरेचा काही भाग जंतूंनीच खाल्लेला असतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या १०० मिलिलीटर दुधात साधारण १२०. अर्थात एका ग्लासात कुणी १०० ग्रॅम नाचणी पीत नाही, हेही लक्षात ठेवावं. पण दूध महाग आणि नाचणी स्वस्त असलेल्या घराला हा हिशेब उपयोगी पडतो.

आता मऊपणाकडे येऊ. पेय खरखरीत लागतं किंवा गुठळ्या होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडतं. पिठातला स्टार्च गरम पाणी लागताच फुगतो आणि चिकट होतो. गोळ्याचं वरचं आवरण शिजून बंद होतं, आतलं पीठ कोरडंच राहतं. ती गुठळी मग कितीही ढवळा, फुटत नाही. म्हणून पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं.

चार जणांसाठी चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम नाचणीचं पीठ घ्या. कपभर थंड पाण्यात हाताने कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळपर्यंत पीठ पाणी पिऊन मऊ होतं, थोडं आंबतं, चवही सुधारते. गंजात तीन कप पाणी चिमूट मीठ घालून उकळा. कालवलेलं पीठ खालपासून ढवळून त्यात धारेने सोडा, दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहा. आठ-दहा मिनिटं मंद आंच. कच्चा वास गेला आणि वर तुकतुकी आली की उतरवा. पूर्ण निवू द्या. मग दोन कप ताक घालून रवीने घुसळा. गरम असताना ताक घातलं तर ते फाटतं आणि सगळी मेहनत दाणेदार होते. वरून जिरं, कोथिंबीर, कांदा, आवडत असेल तर लसणाची एक ठेचलेली पाकळी. रवीने पाच मिनिटं घुसळलेली आंबील मिक्सरच्या शेकपेक्षा कमी मऊ नसते, हे आम्ही जबाबदारीने सांगतो.

आता जरा थांबून एक खास गोष्ट, कारण कुपोषणाचा प्रश्न भामरागडपासून शहरातल्या वस्तीपर्यंत सगळीकडे आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आपण पेज भरवायला लागतो. घट्ट केली तर ते गिळत नाही, पातळ केली तर पोट पाण्याने भरतं आणि अंगी काही लागत नाही. बाळाचं पोट लहान, जागा तेवढीच. यावर सोपा तोडगा मोड आलेल्या नाचणीत आहे. नाचणी धुऊन बारा तास भिजवा, कपड्यात बांधून एक-दीड दिवस ठेवा, बारीक मोड आले की उन्हात खडखडीत वाळवून दळा. भाजू मात्र नका. धान्याला मोड येताना त्यात स्टार्च तोडणारं एक पाचक द्रव्य तयार होतं, आणि जोराने भाजलं की ते मरतं. भाताची किंवा नाचणीची घट्ट पेज शिजवून थोडी निवू द्या, गरम असावी पण उकळती नको. वाटीभर पेजेला हे पीठ एक छोटा चमचा घालून ढवळा. काही मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल आणि गुळगुळीत होते, एक थेंब पाणी न घालता. मग पुन्हा एक उकळी आणा, कोमट झाली की भरवा, वर अर्धा चमचा तेल किंवा तूप. धान्य तेवढंच राहिलं, गिळणं सोपं झालं. सहा महिन्यांच्या आत मात्र अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

दुधाविना दुधासारखं पेय हवं असेल तर शेंगदाणे आहेत. ओंजळभर दाणे, साधारण ५० ग्रॅम, सहा-सात तास भिजवा. चोळून साल काढा. वाटताना सुरुवातीला पाणी अगदी कमी, पाट्यावर गंध उगाळल्यासारखं मऊ होईपर्यंत, आणि मगच दोन कप पाणी. पातळ सुती कापडातून पिळून घ्या. मंद आंचेवर ढवळत पाच-सात मिनिटं उकळा, थोडं निवल्यावर गूळ. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे आधीच निवडून फेकायचे. ती बुरशी यकृताला घातक असते आणि शिजवूनही तिचं विष जात नाही. दाणे खाऊन कुणाच्या अंगावर पुरळ उठत असेल, ओठ सुजत असतील, तर त्याला हे देऊ नका.

हेच काम चारोळी आणखी छान करते. चार जंगलात पिकतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि त्याची बी फोडून चारोळी निघते. आज शहरात तिचा भाव विचारायची सोय नाही. एके काळी याच जंगलांतून व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात. ज्याने बी वेचली, फोडली, त्याच्या घरात मीठ गेलं आणि खिरीतली चारोळी दुसऱ्याच्या ताटात. आता परवडली तर दोन चमचे भिजवून, वाटून कपभर दुधात घाला. दुधाला दाटपणा येतो, साय किंवा क्रीमची गरज राहत नाही. मोहफुलांनाही अशीच गोडी असते. स्वच्छ निवडून धुतलेली वाळकी फुलं दहा-पंधरा मिनिटं शिजवली, कुस्करून गाळली, की तो अर्क पेजेत गुळाऐवजी चालतो. शिजवून लगेच वापरा. भिजवून तशीच ठेवली तर फुलं आंबायला लागतात आणि ती वाट आपल्याला पाचव्या शीलापासून लांब नेते!

ज्यांच्याकडे मिक्सर आहे, त्यांच्यासाठीही थोडं. घरचा शेक बिघडतो तो बहुधा क्रम चुकल्याने. आपण भांडं दुधाने भरतो आणि वरून केळं टाकतो. पातं फिरलं की दूध गरगरतं आणि फोडी त्याच्याबरोबर पळत राहतात, पात्याखाली येतच नाहीत. आधी फळ आणि जेमतेम बुडेल एवढंच दूध. त्याची गंधासारखी चटणी झाली की उरलेलं दूध घालून पुन्हा अर्धा मिनिट. दोन ग्लासांना दीड केळं आणि दोन कप दूध पुरतं. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या, ते गोडही असतं आणि मऊही. साखर लागतच नाही. दूध उकळून गार केलेलंच हवं. साय वेगळी काढून आधी फळाबरोबर फिरवली तर तिचे तुकडे तरंगत नाहीत. गरम पेय मात्र बंद भांड्यात फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि तोंड-हात भाजतात.

फळाफळांचे स्वभाव वेगळे. गावरान आंब्याचा रस आधी चाळणीवर गाळा, नाहीतर दाताला रेषा लागतात. पपईतलं द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून पपईचा शेक ठेवला की कडवट होतो. केला की प्या. संत्र्याने दूध फाटतं. आपल्या नागपुरी संत्र्याला दुधात घालण्याचा नाद सोडा, दह्यात घाला. रानात उन्हाळ्यात टेंभरं मिळतात. पूर्ण पिकलेलीच घ्या, कच्चं टेंभरू जीभ आवळून टाकतं. आणि सीताफळ. त्याच्या बिया एक-एक हाताने काढायच्या. गर तसाच मिक्सरमध्ये टाकून बिया वेगळ्या होतील ही आशा धरू नका. बी फुटली तर तिच्यातलं द्रव्य विषारी असतं. जुन्या बायका उवांसाठी ही पूड वापरत आणि ती डोळ्यात जाऊन डोळे सुजत, ते याचमुळे. गर उकळत्या दुधातही घालू नका, कडू होतो.

बर्फाबद्दल आम्ही थोडे कडक आहोत. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत, मिरवणुकीच्या वाटेवर ताकाचे, सरबताचे पिंप लागतात. भर उन्हात तो मोठा आधार असतो. पण लादीचा बर्फ बहुतेकदा खाण्यासाठी बनवलेला नसतो. तो पिंपाच्या बाहेरून लावा, आत टाकू नका. पाणी उकळून गार केलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं वापरा. वैशाखात बुद्ध पौर्णिमेला खीरदान होतं तेव्हाही हीच काळजी. तांदूळ आणि दुधाची खीर त्या उन्हात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. वास आला नाही तरी ती बिघडलेली असू शकते.

बर्फ नको म्हणण्याचं दुसरं कारण अधिक जवळचं आहे. सिकलसेल विदर्भात आदिवासी समाजात आहे, तसा आपल्या समाजातही आहे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे आणि तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही ती करून घ्यावी. ज्याला हा आजार आहे त्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. अंगाला एकदम थंडी बसली तरी तेच. म्हणून अशा मुलाला दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक, पातळ आंबील देत राहायचं, माठाइतकी गार. तहान लागायची वाट पाहायची नाही. शाळेत बाटली द्या आणि बाईंना सांगून ठेवा की याला पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्या. कळा सुरू झाल्या, ताप आला, दम लागला तर घरगुती पेयावर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, या आजारात ते डॉक्टरांना विचारूनच.

साखरेचंही बोलू. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवणं चांगलं म्हणते. त्यात चहातलीही आली. गूळ हाही साखरच, तो मोजणीतून सुटत नाही. मधुमेह असलेल्यांनी केळं-आंब्याच्या शेकऐवजी ताकाची खारी आंबील घ्यावी, तीही वाटीभर, आणि त्या जेवणातली एक भाकर कमी करून. रक्तदाब असेल तर मीठ चवीपुरतंच.

शेवटी मिक्सरचं भांडं. धुताना पातं खोलून खालची रबरी रिंग काढा. तिच्या खोबणीत दूध आणि फळ अडकून राहतं, दोन दिवसांत आंबूस वास येतो, आणि मग सकाळी ताज्या दुधात केलेला शेक दुपारी लेकराच्या पोटात दुखतो. रिंग गरम पाण्याने धुऊन भांडं उन्हात उपडं घाला. रवीही तशीच, कडेला चिकटलेलं ताक ब्रशने काढून उन्हात वाळवा.